एक तालुका सोडून बाकीच्या रो मॅक्रोने उडवायच्यात, पण दर वेळी निम्म्याच उडतात

कोरेगावची:
नमस्कार मंडळी, कालपासून अडकलेय, जरा बघा ना. मी एका संस्थेत डेटा एन्ट्री करते, आमच्याकडे सातारा जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांच्या लाभार्थ्यांची एकच एक्सेल शीट आहे, १८,४०० रो आणि वर हेडिंग, तालुका सी कॉलममध्ये मराठीत. साहेबांना फक्त कऱ्हाडची यादी हवीय, बाकी सगळं काढून, आणि हे दर महिन्याला लागणार म्हणून म्हटलं मॅक्रोच, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, करून ठेवू. फॉर लूप लावला, म्हणजे २ पासून शेवटच्या रोपर्यंत एकेक रो तपासत जायची, सी मध्ये कऱ्हाड नसेल तर ती अख्खी रो डिलीट. चालवला तर ९,२०० उरल्या, त्यात वाई, माण, पाटण सगळेच! वाटलं मधेच थांबला असेल, परत चालवला तर ४,६००, तिसऱ्यांदा २,३००. आणि नीट बघते तर कऱ्हाडच्याही गेल्यात. कंट्रोल झेड पण चालेना, मूळ फाईल मेलमध्ये होती म्हणून वाचले. कुठे चुकतंय?

आकडेमोड:
ताई, पहिली गोष्ट, मॅक्रोने केलेलं अनडू होत नाही, त्यामुळे प्रयोग कायम कॉपीवरच करा. आता लूपचं. समजा ५ नंबरची रो उडाली, की ६ वाली वर सरकून ५ होते, पण लूप तर पुढे ६ वर गेलेला असतो, म्हणजे ती वर आलेली बिचारी तपासलीच जात नाही. म्हणून डिलीट करताना नेहमी खालून वर यायचं. फॉरच्या ओळीत शेवटच्या रोपासून २ पर्यंत आणि पुढे स्टेप मायनस १, मग खालच्या रो सरकल्या तरी त्या आधीच तपासून झालेल्या असतात. आणि रो नंबरचा व्हेरिएबल इंटिजर असेल तर लाँग करा, इंटिजर ३२,७६७ च्या पुढे जात नाही, यादी वाढली की ओव्हरफ्लोचा एरर येऊन बसेल.

निळी_शाई:
काकांचं लूपचं बरोबर आहे पण ताई थांबा, आत्ता नुसता लूप उलटा करून चालवू नका, सगळी शीट रिकामी होईल!! आकडे बघा ना, १८,४०० चे बरोब्बर ९,२००, मग बरोब्बर ४,६००. फक्त लूपच चुकला असता तर कऱ्हाडची एकही रो गेली नसती आणि आकडा असा नेमका निम्मा झाला नसता. नेमका निम्मा याचा अर्थ मॅक्रोच्या हाताला जी रो लागली ती त्याने उडवलीच, म्हणजे त्याला कऱ्हाड कुठे सापडतच नाहीये. मॅक्रोच्या विंडोत तुमचा कऱ्हाड शब्द कसा दिसतो ते सांगा बरं.

कोरेगावची:
अरे हो, तिथे सहा प्रश्नचिन्हं दिसतात! मला वाटलं फॉन्टचा काहीतरी प्रॉब्लेम असेल म्हणून सोडून दिलं होतं. आणि अजून एक, मधल्या वेळात मी दुसऱ्या कॉपीवर लूप काढून मॅक्रोतूनच ऑटोफिल्टर लावून बघितला, कऱ्हाड नसलेल्या दाखव आणि दिसतील त्या डिलीट कर असा, तर कऱ्हाड राहिलं पण सातारा आणि खंडाळाही राहिले. हे दोनच का राहावेत?

निळी_शाई:
सापडलं मग! व्हीबीएचा, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितो तिचा, एडिटर युनिकोड नाहीये, म्हणजे सगळ्या लिप्या त्याला कळत नाहीत, देवनागरी टाईप करा नाहीतर पेस्ट करा, तो प्रत्येक खुणेच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह ठेवतो, नुसतं दिसायला नाही. लूपमध्ये तुमचा मॅक्रो सी कॉलममध्ये सहा प्रश्नचिन्हं शोधत होता, ती कुठल्याच रोमध्ये नाहीत, म्हणून सगळं उडवत सुटला. आणि फिल्टरमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, मग सहा खुणांचा कुठलाही शब्द त्याला कऱ्हाडच वाटणार. मोजून बघा, सातारा म्हणजे स, काना, त, काना, र, काना असे सहा, खंडाळा अनुस्वार धरून सहाच, आणि कऱ्हाडही क, ऱ, हलन्त, ह, काना, ड मिळून सहा. वाई तीन, पाटण चार, म्हणून ते गेले.

उपाय सोपा आहे, मराठी शब्द कोडमध्ये लिहायचाच नाही. वेगळी शीट घ्या, तिच्या ए१ मध्ये कऱ्हाड लिहा आणि मॅक्रोला तिथून वाचायला सांगा. सेलमध्ये युनिकोड नीट राहतं, शिवाय पुढच्या महिन्यात फलटण हवं असेल तर कोडला हातही लावायला नको. पण डेटाच्याच शीटवर नका ठेवू, रोबरोबर तेही उडेल.

आकडेमोड:
हे छान पकडलंस, माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ताई, कऱ्हाड आहे म्हणून अजून एक सांगतो. हा अर्धा र दोन-तीन प्रकारे टाईप होतो, दिसायला सेम पण आतून वेगळा, आणि मॅक्रोतली साधी तुलना आतलं बघते. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये लेन फॉर्म्युला लावा, तो शब्दातल्या खुणा मोजतो, काही कऱ्हाड ६ चे आणि काही ७ चे निघाले तर समजा दोन माणसांनी दोन कीबोर्डवर एन्ट्री केलीय. तसं असेल तर डेटातूनच कॉपी करून दोन्ही रूपं ए१ आणि ए२ मध्ये ठेवा, दोन्हींशी जुळत नसेल तरच डिलीट. शब्दामागे स्पेस राहिली असेल तरी लेन जास्त येतं, त्याला मॅक्रोत ट्रिम लावा, ते मागची-पुढची स्पेस काढतं. चालवायच्या आधी सी कॉलमला फिल्टर लावून कऱ्हाडच्या किती रो आहेत ते कागदावर लिहून ठेवा म्हणजे नंतर ताळा घेता येईल.

कोरेगावची:
झालं एकदाचं! लेन लावलं तर खरंच ३७ कऱ्हाड ७ चे निघाले, सगळे एकाच गावच्या कॅम्पमधले, तिथे एन्ट्री दुसऱ्या मुलीने केली होती. दोन्ही रूपं वेगळ्या शीटवर ठेवली, लूप उलटा केला, आधी २,१४६ लिहून ठेवले होते आणि शेवटी २,१४६ च उरले. नुसता ए१ ठेवला असता तर ही ३७ माणसं यादीतून गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं. दोघांचे खूप आभार. फक्त चालायला बराच वेळ घेतोय, चहा होतो तेवढ्यात.

निळी_शाई:
त्याला मॅक्रोच्या सुरुवातीला स्क्रीन अपडेटिंग बंद करा आणि कॅल्क्युलेशन मॅन्युअल, शेवटी दोन्ही परत चालू करायला विसरू नका. आणि फाईल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा हां, साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही.