पेपर तपासणीच्या आठवड्यात सिनेमा पाहावा का?

तांबडी शाई (विश्रामबाग, सांगली)

वार्षिक परीक्षा संपली की सगळ्या स्टाफरूममध्ये एकच वाक्य ऐकू येतं: गठ्ठा संपल्याशिवाय सिनेमा नाही. माझं मत बरोबर उलटं आहे. गठ्ठा अर्ध्यावर आला की सिनेमा पाहावा, आणि तो तपासणीच्या वेळापत्रकातच धरावा.

हिशोब मांडतो. आठवीच्या तीन तुकड्या, प्रत्येकी ५५ मुलं, म्हणजे मराठीचे १६५ पेपर. ६० गुणांच्या पेपराला नीट वाचून १० मिनिटं लागतात. एकूण साडेसत्तावीस तास. हातात आठ दिवस. दहापैकी सहा मिनिटं वस्तुनिष्ठ प्रश्न, व्याकरण आणि लहान उत्तरांना जातात, चार मिनिटं पत्र, निबंध आणि स्वमताला. म्हणजे पहिला भाग साडेसोळा तासांचा, दुसरा अकरा तासांचा. रोज सव्वाचार तास बसलं तर पहिला भाग चार दिवसांत उरकतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाचा शो. उरलेले तीन दिवस लेखनाला.

सिनेमा याच जागी का, तर चूक निबंधातच होते. सलग तिसऱ्या तासाला डोळा मजकूर सोडून अक्षर बघायला लागतो. वळणदार अक्षराला एक गुण जास्त पडतो, गिचमिड अक्षराचा एक कापला जातो. एखादा फार सुंदर निबंध वाचून झाला की त्याच्या खालच्या साध्या पण बऱ्या निबंधावर अन्याय होतो. आणि थकलेला हात मधला आकडा शोधतो: आठपैकी पाच, आठपैकी पाच, आठपैकी पाच. व्याकरणात असं होत नाही, तिथे उत्तर एक तर बरोबर असतं नाही तर चूक. म्हणून ताजं डोकं निबंधासाठी राखायचं.

तपासायची पद्धतही सांगतो, नाही तर वरचं सगळं फुकट. एक मूल पूर्ण, मग दुसरं मूल पूर्ण असं करायचं नाही. आधी पूर्ण तुकडीचा प्रश्न पहिला, मग पूर्ण तुकडीचा दुसरा. दर प्रश्नाला गठ्ठा उलटा करायचा, म्हणजे तेच मूल दर वेळी शेवटी सापडत नाही. निबंधाच्या पहिल्या पाच पेपरांना गुण पेन्सिलीने द्यायचे. वीस झाले की त्या पाचांकडे परत यायचं, मग लाल पेन. थांबायचं ते तुकडीचा एक प्रश्न संपल्यावरच, मध्ये कधीच नाही. सिनेमाच्या दिवशी घरी आल्यावर गठ्ठ्याला हात लावायचा नाही. आणि गठ्ठा गाडीच्या डिकीत ठेवून थिएटरात जायचं नाही, तो कपाटात कुलपात हवा.

पायरीचा गुण (मिरज)

सर, आठ दिवसांत तुम्ही गुणतक्ता धरलेलाच नाही. आकारिक (वर्षभराच्या कामाचे) आणि संकलित (परीक्षेचे) गुण, त्यांची बेरीज, श्रेणी, मग निकालपत्रक. १६५ नोंदी शांतपणे करायच्या तर तीन तास कुठेच गेले नाहीत. त्यात मध्येच मुख्याध्यापकांची सभा लागते. म्हणजे तुमच्या वेळापत्रकात एकच मोकळा दिवस होता, आणि नेमका तोच तुम्ही सिनेमाला दिलात. सिनेमा तीन तासांचा दिसतो, पण मिरजेहून सांगलीला यायचं, गाडी लावायची, परत जायचं, जेवायचं, यात पाच तास सरतात. ते कुठून तरी भरून काढावे लागतात, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत पेपर कोंबले जातात.

चुका तिथे होतात. आतल्या पानावरचा गुण मुखपृष्ठावर उतरत नाही. अर्धा गुण बेरजेत गळतो. पुरवणी सुटी होते आणि तिच्यावरचं गणित तपासायचंच राहतं. शेवटच्या कोऱ्या पानामागे मुलानं एक उदाहरण सोडवलेलं असतं, ते दिसत नाही. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आठवीला ६० पैकी २१ लागतात. २० आणि २१ मधल्या एका गुणासाठी त्या मुलाची सुट्टी पुनर्परीक्षेच्या अभ्यासात जाते. शिक्षकाला कंटाळा आला, हे त्या मुलानं का सोसावं?

गणितात खंड पडणं आणखी वाईट. रीत बरोबर, गुणाकार चुकला, तर तीनपैकी दोन द्यायचे की दीड, हे पहिल्या दहा पेपरांत ठरतं आणि मग हात आपोआप चालतो. एक संध्याकाळ मध्ये गेली की दुसऱ्या दिवशी तो हात वेगळा चालतो. विसावा हवा तर दर दीड तासाला वीस मिनिटं चालून या, पाणी प्या. सिनेमा गुणतक्ता जमा केल्यावर.

तांबडी शाई

गुणतक्त्याचं मान्य. तो माझ्या हिशोबातून सुटला होता, आणि ही मोठी चूक आहे.

पायरीच्या गुणांचं मात्र पटत नाही. दीड की दोन हे हाताच्या सवयीवर सोडलं तर रात्रीच्या झोपेनंतरही ते बदलेल, त्याला सिनेमा कशाला हवा? आदर्श उत्तरपत्रिकेच्या समासात लिहून ठेवा: रीत १, आकडेमोड १, एककासह उत्तर १. नवीन प्रकारची चूक दिसली की तिचा निर्णय तिथेच टिपायचा. तो कागद गठ्ठ्यावर असला की चार दिवसांनीही तोच गुण पडतो.

गावभागातली बाई

दोघांनीही गृहीत धरलंय की संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ शिक्षकाचा असतो. किती शिक्षिकांचा असतो? त्याच वेळी स्वयंपाक असतो, घरातल्या मुलांचा अभ्यास असतो, उद्याच्या डब्याची तयारी असते. सहाच्या शोला जायचं तर दुपारीच दोन्ही वेळचं करून ठेवायचं, म्हणजे विसावा आदल्या दिवशीच खर्च झाला.

एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळची शाळा असते. बाराला वीसेक मिनिटं कमी असताना सुटते असं धरा. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पंख्याखाली कागद उडतात, मनगटाच्या घामानं लाल शाई पसरते आणि ३ चा ८ दिसतो. साडेबारा ते साडेतीन या वेळात तपासलेले पेपर सगळ्यात वाईट असतात. मग ज्या वेळात धड काम होतच नाही, तो वेळ सिनेमाला द्या. शाळेतून परस्पर साडेबाराचा शो. डबा आधीच खाऊन घ्यायचा, रिकाम्या पोटी गार हवेत तीन तास बसलं की डोकं चढतं. साडेचारपर्यंत घर. पाच ते सात नुसत्या बेरजा आणि गुणतक्ता. निबंध त्या दिवशी नाहीच.

आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी गर्दी नसते, तिकीटही पुष्कळदा स्वस्त असतं. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के आहे, त्यामुळे दुपारचं ९० चं तिकीट आणि शनिवार रात्रीचं २२० चं तिकीट यातला फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

पायरीचा गुण

बाई, तुमची दुपार मला सरांच्या संध्याकाळपेक्षा जास्त पटते. गुणतक्ता त्याच दिवशी सुरू होत असेल तर माझा अर्धा आक्षेप गेला. पण सकाळी पावणेसहाला उठलेला माणूस गार अंधारात बसला की तासाभरात झोपतो, मग तो सिनेमा कुठला?

गावभागातली बाई

झोप लागली तर लागली. डोळ्यांना विसावा मिळाला ना, मग तिकिटाचे पैसे वसूल.

निकाल एक मे

माझा विरोध वेगळ्या कारणानं आहे. सांगली एवढी मोठी नाही. मध्यंतरात वडापावच्या रांगेत पालक भेटतातच आणि पहिला प्रश्न येतो, "सर, आमच्याचं कसं काय?" शिक्षक भिडेपोटी म्हणतो, "बरं आहे." पालक त्याचा अर्थ पास असा घेतात. नंतर १९ गुण निघाले तर त्या घरात शिक्षकाचा शब्द राहत नाही. आणि मूल मागे उभं असेल तर ते सिनेमाचा उरलेला अर्धा भाग सरांच्या चेहऱ्याचा अर्थ लावण्यात घालवतं. निकाल जाहीर होईपर्यंत थिएटर टाळावं, हे मला शिस्तीपेक्षा माणुसकीचं वाटतं.

तांबडी शाई

काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. भाजी मंडईत, गणपती मंदिरात, आयर्विन पुलावरही पालक भेटतात. तिथे जाणं सोडतो का आपण? उत्तर ठरलेलं ठेवायचं: "निकालाच्या दिवशी बोलू, पेपरसुद्धा दाखवतो." हसून, पण दर वेळी हेच आणि एवढंच. हुशार मुलाच्या पालकांनाही हेच सांगायचं, नाही तर कुणाला सांगितलं नाही यावरूनच निकाल फुटतो. शिक्षक तिकीट काढून सिनेमा पाहतो हे मुलांना दिसलं तर बरंच आहे.

कलम २७

मुळातला मुद्दा सुटतोय. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये शिक्षकाचे आठवड्याचे तास ४५ धरलेत, तयारीसह. तपासणी त्याच तासांत बसायला हवी. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमानं शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगर शैक्षणिक काम देता येत नाही. शाळेनं तपासणीच्या आठवड्यात सभा आणि माहितीचे तक्ते थांबवले तर सिनेमाला कुणाची परवानगी लागणार नाही.

चिंचेची सावली (हरिपूर रोड)

सिनेमाच का? सांगलीत राहून नाटकाचं नाव या धाग्यात कुणी घेतलं नाही, याचं वाईट वाटलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच 'सीता स्वयंवर' केलं. 'संगीत शारदा' लिहिणारे नाटककार गो. ब. देवल हरिपूरचे. सिनेमा आठवडाभर थांबतो, पुढे घरच्या टीव्हीवरही येतो. नाटकाचा प्रयोग एका रात्रीचा असतो, तो गेला तर गेला. म्हणून मध्ये उठायचंच असेल तर नाटकासाठी उठा.

एप्रिलमध्ये ते जमत नाही हे खरं. रात्रीचा प्रयोग सुटायला साडेबारा होतात आणि सकाळी सातला शाळेच्या फाटकात उभं राहायचं असतं. पण पहिल्या सत्राचे पेपर दिवाळीच्या सुट्टीत तपासतो आपण. त्याच सुमारास ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, सांगलीत भावे गौरव पदकाचा सोहळा असतो. सकाळी सात ते अकरा पेपर, दुपारी झोप, रात्री नाटक. यात मुलाचा एक गुणही हलत नाही. एप्रिलपुरतं म्हणाल तर उन्हं उतरल्यावर हरिपूरच्या संगमावर जा. कृष्णा आणि वारणेच्या पाण्याकडे अर्धा तास बघत बसायला तिकीट लागत नाही, सोबत कांदा घातलेलं भडंग असलं की झालं.

तांबडी शाई

दिवाळीचं शंभर टक्के पटलं. एप्रिलसाठी सहाचा शो सोडून साडेबाराचा धरतो. जागा मात्र तीच, व्याकरण संपल्यावर आणि निबंधाआधी.

पायरीचा गुण

मराठीला चालेल. गणिताला मी अजून नाहीच म्हणेन. पण जाणार असाल तर जाण्याआधी एक करा. पहिल्या भागाच्या बेरजा स्वतः तपासू नका, आपली चूक आपल्याला दिसत नाही. स्टाफरूममधल्या कुणाशी तरी गठ्ठा बदला. त्यानं पान उलटत फक्त आकडे बेरजेला घ्यायचे, उत्तर वाचायचं नाही. ५५ पेपरांना चाळीस मिनिटं लागतात. चूक सापडली तर पेपरवर खाडाखोड न करता नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, दुरुस्ती आणि सही ज्याचा पेपर त्यानंच करायची.