चक्र ब्रेसलेटचा दोरा १५ दिवसांत तुटतोय, तातडीने मदत हवी आहे

टाचणी_दोरा
नमस्कार मंडळी. सात चक्रांची ब्रेसलेटं घरी करते. मागच्या खेपेतली ५ परत आली, सगळ्यांचा दोरा तुटलेला. इलास्टिक चांगलं वापरते, गाठही पक्की मारते, तरी तुटतंय. शनिवारपर्यंत १२ नग द्यायचेत. कोणता दोरा घेऊ तेवढंच सांगा. खड्यांनी गुण येतो की नाही हा वाद कृपया इथे नको.

शंकासुर
खड्याच्या गुणाचं राहू दे, दोऱ्याचा अवगुण तरी नीट सांगा. "चांगलं इलास्टिक" म्हणजे नक्की कोणतं?

सरळ_गाठ
एवढ्यावर काही सांगता येणार नाही. इलास्टिकची जाडी किती? पारदर्शक काचेसारखं की धाग्यांचं विणलेलं? मणी किती मिमीचे, भोक केवढं? गाठ कोणती, वर गोंद लावता का? आणि मुख्य म्हणजे, दोरा तुटतो कुठे? गाठीपाशी की मधेच?

पक्कड
इलास्टिकचा नादच सोडा. ०.३८ मिमीची टायगर टेल (नायलॉनचं आवरण असलेली पोलादी तार) घ्या, ४९ तारांची. ७ तारांची स्वस्त मिळते पण एकदा मुरगळली की तो बाक कायमचा राहतो. दोन्ही टोकांना २ मिमीचे क्रिम्प (चेपून बसवायचे धातूचे मणी), पुढे लॉबस्टर हुक. क्रिम्प साध्या चपट्या पकडीने चेपू नका, कडा धारदार होऊन तारच कापते. आणि मणी अगदी घट्ट ओढून बसवू नका, २-३ मिमी ढील ठेवा, नाहीतर वाकवलं की सगळा ताण क्रिम्पवर येतो.

गुरुपुष्य
ब्रेसलेट डाव्या हातात घालायला सांगा, डावा हात ऊर्जा घेणारा. आणि पहिल्यांदा घालताना कच्च्या दुधात आणि गंगाजलात धुवून घालावं. पुष्कळ लोक थेट घालतात, मग गुण येत नाही.

टाचणी_दोरा
@गुरुपुष्य, धन्यवाद, पण प्रश्न दोऱ्याचा आहे.
@पक्कड, हुक लावला तर प्रत्येक मनगटाचं माप वेगळं घ्यावं लागेल. इलास्टिकच हवं.
@सरळ_गाठ, पारदर्शक आहे, जाडी पुडीवर लिहिलेली नाही. मणी ८ मिमीचे. नेहमीची दुहेरी गाठ आणि वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब. कुठे तुटला ते बघितलं नाही हो, तुटला तो तुटला!

सरळ_गाठ
अहो, तेच तर बघायचं असतं. परत आलेले तुकडे टाकले नसतील तर टोकं उजेडात धरून बघा.
तिरकी, सुरीने कापल्यासारखी कड असेल तर मण्याच्या भोकाची धार लागली आहे. टोक पांढरं, कडक, तडकलेलं आणि गाठीला लागूनच असेल तर दोष गोंदाचा. सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद दोऱ्यात मुरून तेवढा भाग काचेसारखा ठिसूळ करतो, ताणलं की तिथेच मोडतो. टोक निमुळतं होऊन गुंडाळलं गेलं असेल तर दोरा ताणून ताणून थकला. आणि दोरा अखंड, नुसत्या नागमोडी वळ्या राहिल्या असतील तर तो तुटलेलाच नाही, गाठ सुटली आहे.
जाडी मोजायला पेन्सिलीवर न ताणता १० वेढे शेजारी शेजारी गुंडाळा आणि पट्टी लावा. १० वेढे ८ मिमीत बसले तर ०.८ चा दोरा.

अकीकप्रेमी
मण्यांची यादी टाका. "सात चक्र" म्हणून बाजारात काहीही खपवतात. पिवळ्याच्या जागी पिवळी काच, फिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट (पांढरा दगड). पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन घासा, निळा रंग कापसावर उतरला की समजा. अस्सल अकीक हवा असेल तर खंबातचा घ्या, दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडचा असतो आणि त्यातला तांबडा कार्नेलियन भाजून रंग खुलवलेला असतो. ती फसवणूक नव्हे, ती पद्धतच आहे, हजारो वर्षांची.

शंकासुर
भाजलेला चालतो आणि रंगवलेला चालत नाही, हे कोणत्या चक्राला कळतं म्हणे?

अकीकप्रेमी
चक्राला नाही, गिऱ्हाइकाला कळतं. भाजलेला रंग दगडाच्या आत असतो, रंगवलेला घामाने मनगटावर उतरतो. पुढे चला.

टाचणी_दोरा
टोकं बघितली. ५ पैकी ४ तिरकी कापलेली, एक गाठीपाशी पांढरं कडक. १० वेढे ५ मिमीत बसले.
मणी: लाल जास्पर, कार्नेलियन, सिट्रिन, मॅलाकाइट, लॅपिस, सोडालाइट, ॲमेथिस्ट, प्रत्येकी एक. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पायराइट, बाकी काळे लाव्हा ११. एकूण २० मणी. ८ मिमीचे २० म्हणजे १६ सेमी, बायकांचं मनगट साधारण तेवढंच. मॅलाकाइट हल्ली फिका पडतोय पण ते नंतर बघू.

सरळ_गाठ
सापडलं!! २० मणी १६ सेमीच्या मनगटाला पुरतच नाहीत. मणी गोल आहेत, मनगटाला त्यांची आतली बाजू टेकते. दोऱ्यावर ओवलेली लांबी मण्यांच्या मध्यातून मोजली जाते, आतला घेर त्यापेक्षा मण्याच्या व्यासाच्या ३.१४ पट कमी भरतो. ८ मिमीला हा फरक २.५ सेमी. म्हणजे तुमच्या १६ सेमीच्या ब्रेसलेटचा आतला घेर साडेतेरा सेमी. १६ च्या मनगटावर ते दिवसभर ताणलेलंच राहतं, आणि घालता-काढताना पंजावरून आणखी ताणलं जातं ते वेगळं.
नियम असा धरा: मनगट अधिक २.५ सेमी, भागिले ०.८. १६ च्या मनगटाला २३ मणी. १० मिमीचे मणी असतील तर अधिक ३.१ सेमी, म्हणजे १९ मणी.
एक विचारतो, घातल्यावर मण्यांच्या फटीतून दोरा दिसतो का?

टाचणी_दोरा
हो, थोडा दिसतो. मला वाटायचं तसंच असतं.

पक्कड
हिशेब मान्य, पण नुसत्या ताणाने दोरा निमुळता होऊन तुटला असता. इथे ४ टोकं तिरकी कापलेली आहेत. कुठल्या मण्याशेजारी तुटलं ते सांगा. मी पायराइटवर पैज लावायला तयार आहे. पायराइट कडक आणि ठिसूळ, भोक पाडताना तोंडाशी कपचे उडतात आणि कड करवतीसारखी राहते.

सरळ_गाठ
ताणलेला दोरा त्याच कडेवर घासतो, सैल असता तर इतक्या लवकर कापला नसता. दोन्ही कारणं एकमेकांना मदत करतायत.

पक्कड
मग आधी कड घासा, गणित मागाहून करा.

टाचणी_दोरा
दोघं भांडू नका. डब्यात बघितलं, ४ मध्ये शेवटचा अडकलेला मणी पायराइटच आहे. आणि त्याच्या भोकातून तपकिरी काहीतरी निघतंय, ते काय? दर अमावास्येला सगळी ब्रेसलेटं रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते, शुद्धीकरणासाठी. गिऱ्हाइकांनाही तसंच सांगितलंय.

खनिजवेडा
अरेरे! ते तपकिरी म्हणजे गंज. पायराइट हे लोह आणि गंधक यांचं संयुग. ओल आणि हवा मिळाली की त्याचं ऑक्सिडीकरण होऊन लोहाचं सल्फेट आणि थोडं गंधकाम्ल तयार होतं. सुती किंवा रेशमी दोरा असता तर त्यानेच खाल्ला असता. शेजारचा लाव्हा सच्छिद्र असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि सुकल्यावर मिठाचे खडे भोकात राहतात. तुमच्या दोऱ्याला रोज पॉलिश पेपर!
मॅलाकाइट फिका पडण्याचं कारणही तेच. तांब्याचं कार्बोनेट ते, कडकपणाच्या मोहस मापावर फक्त ३.५ ते ४. घाम, लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आम्ल लागलं की चकाकी जाते. मोती आणि पोवळं कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यांनाही आम्ल चालत नाही. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, ते तर पाण्यात विरघळायलाच लागतं. ॲमेथिस्टला पाण्याचं भय नाही, पण तो खिडकीच्या उन्हात दिवसेंदिवस राहिला तर जांभळा रंग उडतो.

गुरुपुष्य
मग शुद्धीकरण करायचंच नाही का? परंपरा काय उगाच आहे?

खनिजवेडा
करा की, कोरडं करा. धूप दाखवा, नाहीतर ताटात कोरड्या तांदळावर रात्रभर ठेवा. दूध-गंगाजल करायचंच असेल तर स्फटिक, अकीक, जास्पर यांना चालेल, मोहस ७ चे आहेत. नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसा. पायराइट, मॅलाकाइट, लॅपिस यांना ते नको. लॅपिसमध्ये जे सोनेरी ठिपके चमकतात ते पायराइटचेच असतात.
जाता जाता, हे हीलिंग क्रिस्टल म्हणून जगभर विकलं जाणारं अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट आपल्याच दगडात सापडतं, जळगाव-नाशिक-पुण्याकडच्या बेसाल्टच्या खाणींमध्ये. निळं कॅव्हन्साइट तर वाघोलीचं. अपोफिलाइटचं लॉकेट करायचं असेल तर कधीही डाग (तापवून जोड) देऊ नका, त्यात पाणी असतं, आच लागली की पांढरं पडतं आणि थरावर थर सुटतात. २० गेजच्या चांदीच्या तारेची चौकट आणि २६ गेजने वेढे, एवढंच.

शंकासुर
अवांतर पण महत्त्वाचं. ब्रेसलेटसोबत चिठ्ठी देता का? त्यावर काय लिहिता?

टाचणी_दोरा
हो, प्रत्येक चक्राचा आजार आणि गुण. मूलाधार रक्तदाब, मणिपूर मधुमेह, असं. का?

शंकासुर
ते आजच काढा. १९५४ चा औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्यातल्या "चमत्कारी उपाय" याच्या व्याख्येत ताईत, मंत्र, कवच यांची नावं चक्क घातलेली आहेत. आणि ज्या आजारांसाठी जाहिरात करायची नाही त्या यादीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चिठ्ठी, लेबल, पाकीट हे सगळं जाहिरातीत येतं. दगडाचं नाव, मण्याचं माप आणि पाण्यापासून जपा, एवढंच लिहा. हवं तर रंग कोणत्या चक्राचा मानतात ते लिहा. आजाराचं नाव नको.

गुरुपुष्य
म्हणजे श्रद्धेवरही आता कायदा.

शंकासुर
श्रद्धेवर नाही, जाहिरातीवर. तुमच्या हातातलं कुणी काढायला येत नाही.

सरळ_गाठ
आता शनिवारचं बघू. क्रमाने करा.
भोकाची कड घासायचा डायमंड रीमर घ्या, शंकूसारखा असतो, पुण्यात असाल तर बोहरी आळीत किंवा ऑनलाइन मिळेल. वाटीत पाणी घ्या, मणी पाण्याखाली धरून दोन्ही तोंडांना चार-पाच हलके फेरे द्या. जोर नको. कोरडं अजिबात घासू नका, अकीक-जास्परची धूळ म्हणजे सिलिका. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो तो याच धुळीने. मॅलाकाइटची धूळही विषारीच. पायराइट घासून झाला की लगेच धुऊन हेअर ड्रायरच्या गार हवेवर पूर्ण सुकवा.
तपासायला साधा शिवणाचा सुती दोरा भोकातून मागेपुढे पाच-सहा वेळा ओढा. तंतू निघाले तर कड अजून बोचते.
दोरा ०.८ मिमी, भोकात शिरत नसेल तर ०.७. तुकडा ३५ सेमी. ओवण्याआधी दोन्ही टोकं धरून पाच-सहा वेळा सावकाश ताणा. हे केलं नाही तर आठवड्यात आपोआप सैल पडतो आणि फट दिसते.
लाव्हाच्या एका मण्याचं भोक रीमरने दीड-दोन मिमी करा, तो शेवटी ओवा, गाठ त्यात लपेल. पहिला फास मारताना टोक एकाऐवजी दोनदा गुंडाळा, ओढा, मग उलट दिशेने साधी गाठ. चारी बाजूंनी खेचून बसवा. शेपट्या ३ मिमी ठेवा. सुकल्यावरही लवचीक राहणारा ज्वेलरी गोंद टाचणीच्या टोकाने एक थेंब, २४ तास हात लावू नका, मग गाठ मण्यात ओढा.
गिऱ्हाइकाला सांगा, बांगडीसारखं ओढून चढवू नका, बोटं जुळवून त्यावरून गुंडाळत न्या.

पक्कड
२४ तास धरले तर आज रात्री ओवलं पाहिजे. म्हणून म्हणत होतो टायगर टेल, गोंदही नको आणि थांबणंही नको.

अकीकप्रेमी
आणि पायराइट ठेवायचाच कशाला? चक्राच्या सातात तो बसतच नाही, हे पैसा खेचण्याचं फॅड आहे.

टाचणी_दोरा
गिऱ्हाइकं मागतात म्हणून ठेवते. ०.८ चा दोरा मिळाला. ७ ओवून झाली, २३ मण्यांची, ३ लाव्हा वाढवले. फट दिसत नाही आता. पण रीमर लावताना पायराइटचे दोन मणी उभे चिरले. जोर दिला नव्हता.

पक्कड
चीर आधीचीच असणार, भोक पाडतानाची. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून भोकाभोवती बघा. केसासारखी रेघ दिसली की तो मणी बाजूला काढा, घासूच नका. शंभराची माळ घेतलीत तर असे दहा-बारा निघतात, दुकानदाराला तिथेच दाखवा.

टाचणी_दोरा
राहिलेल्या १० मध्ये ३ तसे निघाले. उरलेल्या ७ मधून तीन ब्रेसलेटं केली. बाकी दोघांना फोन करून विचारते, पायराइटऐवजी टायगर आय चालेल का. चिठ्ठ्या फाडल्या.

नवी_सभासद
धागा उपयोगी आहे. माझ्या पुष्कराजाच्या अंगठीतला खडा हलतो, इथेच विचारलं तर चालेल का?

सरळ_गाठ
चालेल. कोंदण बंद आहे की पंजाचं? सोनं की चांदी? खडा गोल फिरतो की वर-खाली हलतो?