मागेल त्याला शिष्यवृत्ती? दातृत्वाला हिशोब नको, हे मला मान्य नाही

निवृत्त मास्तर (सांगली)

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्ती निधीबाबत काल एका सदस्याने लिहिले की, अर्ज, उत्पन्नाचे दाखले आणि मुलाखती हा गरिबांचा अपमान आहे. देणाऱ्याने हात आखडता घेऊ नये आणि मागेल त्याला सारखी रक्कम द्यावी. वाचायला हे फार गोड आहे आणि त्याखाली हात जोडल्याची चिन्हेही भरपूर पडली. मी निवड समितीवर बसतो, म्हणून मला ते गोड लागले नाही.

यंदा वाटण्यासाठी 2 लाख 40 हजार रुपये आहेत आणि अर्ज 80 आहेत. सारखे वाटले तर प्रत्येकाच्या हाती तीन हजार पडतात. सांगलीच्या विश्रामबागेत त्यात मेसचा जेमतेम एक महिना निघतो आणि एकाही मुलाचा प्रवेश वाचत नाही. केंद्र सरकारची बारावीच्या गुणांवरची शिष्यवृत्ती पदवीला वर्षाकाठी 12,000 रुपये देते, म्हणजे महिन्याला हजार. तेवढ्यावर कोणाचे शिक्षण पुरे झाल्याचे मी पाहिलेले नाही. आठ मुलांना तीस-तीस हजार दिले तर आठ घरांत फरक पडतो. उरलेल्या बहात्तर जणांना 'नाही' म्हणण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने आपल्या भिडस्तपणाला औदार्य म्हणू नये.

दुष्काळी पट्टा (जत)

ते मीच लिहिले होते, मास्तर, आणि आजही तेच म्हणतो. आपण 'नाही' कोणाला म्हणता, ते एकदा पाहा. ज्याची कागदपत्रे अपुरी, तो पहिल्याच चाळणीत बाहेर पडतो. माझ्या वेळी रेशनकार्डावर वडिलांचे नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरे होते. तलाठ्याचा अहवाल, मग सेतू केंद्र, मग तहसील, आणि प्रत्येक खेपेला वडिलांचा रोज बुडत असे. ज्याच्या दारात जीप, त्याला मात्र दाखला घरपोच मिळत होता.

शिष्यवृत्ती शेवटी मिळाली. दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश हातात देऊन मला व्यासपीठावर उभे केले आणि सूत्रसंचालकाने 'यांचे वडील मजुरी करतात' हे नावाआधी सांगितले. समोरच्या रांगेत माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. त्या रकमेबद्दल मी कृतज्ञ आहे, परंतु त्या समारंभाबद्दल नाही.

फॉर्म सोळा (सातारा)

दाखल्याचा विषय निघालाच आहे, तर खरे बोलू. मी नोकरदार. माझा पगार फॉर्म सोळावर, म्हणजे कार्यालय देते त्या पगार आणि कराच्या प्रमाणपत्रावर, छापून येतो आणि त्यातला रुपयाही लपत नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा आठ लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची आहे. एका वेतनवाढीने मी ती ओलांडली आणि मुलाच्या अभियांत्रिकीच्या शिक्षण शुल्कातील निम्मी सवलत गेली. आठ लाखांच्या आत निम्मे शुल्क माफ आणि एक रुपया वर गेला की काहीच नाही, ही पायरी कोणी आखली देव जाणे. दुसरीकडे आमच्या गल्लीत एक बागायतदार आहेत. ऊस आठ एकर, दारात दोन गाड्या, आणि मुलाच्या नावे दाखला 80 हजारांचा! शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे ताडून पाहायला दुसरा कागदच नसतो.

द्राक्षबाग (तासगाव तालुका)

गल्लीतला एक बागायतदार पाहिला आणि सगळ्या शेतकऱ्यांना चोर ठरवून मोकळे झालात. अडीच एकर द्राक्षबाग माझी आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि डावणी हा बुरशीचा रोग आला. दिवसाआड फवारणी करूनही घड गळाले. त्याच्या आदल्या वर्षी माल चांगला होता, तर व्यापारी पैसे बुडवून पळाला. त्या वर्षी माझे उत्पन्न कागदावर किती लिहायचे होते, ते आपणच सांगा. दर महिन्याच्या एक तारखेला ज्याच्या खात्यात पगार जमा होतो, त्याला उणे उत्पन्न म्हणजे काय हे कधी कळायचे नाही. दाखल्यावरचा आकडा पाहून आपल्याला हसू येते. मला तो आकडा तेवढा तरी मिळाला असता तर बरे झाले असते असे वाटते.

फॉर्म सोळा

आपली बाग बुडाली याचे मला खरोखर वाईट वाटते. परंतु ज्या वर्षी बाग साधते, त्या वर्षी आपल्या दाखल्यावरचा आकडा वाढतो का, एवढेच सांगा. उत्तर नसेल तर राहू द्या.

द्राक्षबाग

वाढत नाही, हे कबूल. आणि आपल्या पगारातून घरभाड्याची खोटी पावती लावून वजावट घेणारे आपल्या कार्यालयात किती आहेत, हेही मग मोजू या.

माणदेशकन्या (दहिवडी)

शेतकरी आणि नोकरदार यांचे भांडण चालू ठेवा, पण मुलांचे पैसे जुलैत लागतात याची कोणाला आठवण आहे का? 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. चांगलेच झाले. मात्र वसतिगृह, मेस आणि बसचा पास त्यात येत नाही, आणि मुलगी परत घरी येते ती त्याच कारणाने. माझ्या धाकट्या बहिणीचे महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरून येणारे, पैसे आधार जोडलेले खाते बंद पडल्यामुळे अडकले आणि ते आले तेव्हा वर्ष सरले होते. तोवर आईने बचत गटातून कर्ज काढले होते. मास्तरांच्या निधीनेही मागच्या वर्षी वाटप जानेवारीत केले, म्हणे पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

कृष्णाकाठ (कराड)

आमच्याकडे कोणताही वाद चौथ्या-पाचव्या उत्तरात कर्मवीरांपर्यंत पोहोचतो, तेव्हा मीच ते काम उरकतो. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले, आणि पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. तेथे कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, श्रम मागितले. संस्थेने 1947 मध्ये साताऱ्यात काढलेल्या शिवाजी कॉलेजातही 'कमवा आणि शिका' होतेच. आपल्या निधीनेही ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत आठवड्याचे काही तास काम मागावे. ज्याला गरज नाही, तो आपोआप अर्ज करणार नाही.

दुष्काळी पट्टा

म्हणजे श्रीमंताचे पोर संध्याकाळी अभ्यास करणार आणि आमचे पोर पुस्तकांवरची धूळ झटकणार. मग निकालाच्या दिवशी आपणच म्हणणार की गुणवत्ता कमी पडली. बोर्डिंगात सगळेच राबत होते, साहेब, केवळ गरीब नव्हे. तो फरक आपण सोयीने गाळलात.

कृष्णाकाठ

गाळला नाही, तो मला महत्त्वाचा वाटला नव्हता. आता वाटतो. परंतु त्याचा अर्थ फुकट वाटावे असा होत नाही.

निवृत्त मास्तर

मी हिशोबाचा प्रश्न विचारला आणि मला डावणीपासून मंगळसूत्रापर्यंत सर्व काही ऐकायला मिळाले. असो. जानेवारीच्या वाटपाचा ठपका माझ्यावर येतो, तो मी नाकारत नाही. पाहुण्यांचा आग्रह माझा नव्हता, एवढेच नमूद करतो. पुठ्ठ्याचा धनादेश यंदा होणार नाही, रक्कम थेट खात्यात आणि जुलै संपण्याआधी जाईल, असा ठराव मी मांडतो. दाखल्यावर कोणाचाच विश्वास नाही असे दिसते, तेव्हा दाखला नसला तरी अर्ज घ्यावा आणि समितीच्या दोघांनी घरी जाऊन पाहावे. पण रक्कम आठच मुलांना द्यायची, यावर मी ठाम आहे. ऐंशी घरे हिंडायला माणसे कोठून आणायची, हे औदार्यवादी मंडळींनी सांगावे.

दुष्काळी पट्टा

आठ नव्हे, बारा करा. मुलामागे वीस हजार. तेवढ्यात वसतिगृहाचे वर्ष जवळपास भागते. जत आणि आटपाडीकडची घरे मी पाहीन, गाडी माझी आणि पेट्रोलही माझे. यालाही भिडस्तपणा म्हणायचे असेल तर म्हणा.

द्राक्षबाग

तासगावकडची घरे मी पाहतो. फक्त माझ्या जोडीला फॉर्म सोळा यांना पाठवू नका.

फॉर्म सोळा

मी येणारच. आणि जाण्याची तारीख छाटणीच्या दिवसांत नको, माल निघाल्यानंतरची धरा.