रेकॉर्ड प्लेअर लावला की घूंऽऽऽ! अर्जंट मदत हवी

घाईत_आहे:
रविवारी बाबांची पंचाहत्तरी. त्यांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या माळ्यावरून काढल्या, नवा प्लेअर आणला. जोडला तर सतत घूंऽऽऽ. आवाज वाढवला की घरघरही वाढते. गाणं कमी आणि गल्लीतली डीपी जास्त ऐकू येतेय. दुकानदार फोन उचलत नाही. काय करू?

सोल्डरगन:
मॉडेल कुठलं? फोनो प्रीअ‍ॅम्प (सुईकडून येणारा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) आतला की वेगळा? मोटर बंद असतानाही घरघर येते का? टोनआर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, बोट लावलं की कमी होते की वाढते?

निवृत्त_वायरमन:
एवढं काही नाही हो. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन काढून टाका. आमच्या भजनी मंडळात वीस वर्षं तसाच चाललाय.

सोल्डरगन:
अहो, काय सांगताय! ती अर्थची पिन. उद्या आत एखादी वायर निसटून पत्र्याला लागली तर अख्खी बॉडी २३० व्होल्टवर. आणि बटणावर हात बाबांचा.

निवृत्त_वायरमन:
आजवर एकालाही शॉक बसलेला नाही.

तबकडीवेडा:
आधी तबकड्या स्वच्छ करा. एलपीवर फेविकॉलचा थर द्यायचा, रात्रभर वाळवायचा, सकाळी सालासारखा सोलायचा. खाचांतली धूळ सगळी त्याच्याबरोबर येते. ७८ आरपीएमच्या जुन्या, लाखेच्या असतील तर स्पिरिट मात्र लावू नका, लाख विरघळते.

सोल्डरगन:
धुळीने कडकड होते, घूं नाही.

घाईत_आहे:
फेविकॉल नको, रविवार आलाय! मोटर बंद असली तरी येते. आर्मला हात लावला की बरीच कमी होते. प्रीअ‍ॅम्प वेगळा आहे, साबणाच्या वडीएवढा डबा.

सोल्डरगन:
मग ग्राउंड वायर राहिलीय. लाल-पांढऱ्या वायरींबरोबर तिसरी बारीक वायर आहे का?

घाईत_आहे:
आहे की. टोकाला यू आकाराचा पत्रा. कुठे लावायची कळेना, म्हणून टेप गुंडाळून मागे खोचून ठेवलीय.

सोल्डरगन:
हे आधी सांगायचं ना!! डब्याच्या मागे छोटा स्क्रू असेल, जीएनडी लिहिलेला. सैल करा, यू आत सरकवा, आवळा. एमएम कार्ट्रिजमधून (सुई बसते तो चुंबकवाला भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, प्रीअ‍ॅम्प ते शंभरेक पट करतो. आजूबाजूची ५० हर्ट्झची घरघर आत शिरली की तीही तेवढीच फुगते.

तबकडीवेडा:
आमच्या जुन्या चेंजर प्लेअरला असली वायर नव्हतीच.

सोल्डरगन:
त्यात क्रिस्टलचं कार्ट्रिज. सिग्नलच दणकट.

घाईत_आहे:
लावली. पुष्कळ गेली! पण बारीक हम्म्म अजून आहे.

सोल्डरगन:
अ‍ॅम्प्लिफायरला अजून काय जोडलंय?

घाईत_आहे:
काही नाही. फक्त टीव्ही.

सोल्डरगन:
"फक्त"! सेटटॉप बॉक्समधून छत्रीची केबल काढून बघा. बॉक्स नुसता बंद करून चालणार नाही, केबलच काढा.

घाईत_आहे:
चिडीचूप!! पण छत्रीचा काय संबंध?

सोल्डरगन:
छत्री गच्चीवरच्या लोखंडाला, म्हणजे एक अर्थ तिथून. दुसरी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधून. दोन्ही मिळून वेटोळं झालं आणि त्यातून करंट फिरत होता.

निवृत्त_वायरमन:
म्हणजे पिन काढली असती तरी हेच झालं असतं.

सोल्डरगन:
हो काका. वेटोळंही तुटलं असतं आणि संरक्षणही.

घाईत_आहे:
आता बाबा विचारतायत, मॅच कशी बघायची?

सोल्डरगन:
टीव्हीला ऑप्टिकल आउट आहे? त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणजे वेटोळं होत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इन? दोघांचे मॉडेल नंबर टाका. कालपासून मागतोय.