मदत हवी आहे: कटलफिशच्या पिल्लांच्या स्मरणातील फरक वाळूमुळे की सोबतीमुळे?

धागाकर्ता
सेपिया ऑफिसिनालिस या कटलफिशची (ऑक्टोपसच्या नात्यातील समुद्री प्राण्याची) पिल्ले मी दोन गटांत वाढवत आहे. पहिल्या गटातील पिल्ले रिकाम्या टाक्यांत एकेकटी आहेत, तर दुसऱ्या गटाला वाळू, दगड, शिंपले आणि इतर पिल्लांची सोबत आहे. बंद काचेच्या नळीत जिवंत कोळंबी दिसली की पिल्लू दोन लांब शुंडके वेगाने फेकते, ती काचेवर आदळतात आणि काही वेळाने ते हल्ला थांबवते. दुसऱ्या दिवशी पहिला गट पुन्हा काचेवर तुटून पडतो, दुसरा मात्र लवकर थांबतो, म्हणजे आदल्या दिवसाचा अनुभव त्याला आठवतो असे दिसते. हे श्रेय वाळूचे की सोबतीचे? मसुदा लवकर द्यायचा असल्याने कृपया नेमके उत्तर द्यावे.

खारेपाणी
पिल्लांचे वय काय आहे आणि चाचणीपूर्वी त्यांना खाऊ घातले होते का? मेंदूतील व्हर्टिकल लोब हा शिकण्याशी व स्मरणाशी संबंधित भाग अंड्यातून बाहेर पडल्यानंतरही विकसित होत राहतो, त्यामुळे वय कळल्याशिवाय कोणतेही उत्तर अर्धवटच राहील.

भरती_ओहोटी
माझ्या मते सोबत हेच कारण आहे. एकट्या वाढलेल्या पिल्लाला दिवसभर हालचाल करणारे काहीच दिसत नाही.

शिंपला
इतक्या खात्रीने असे म्हणता येणार नाही. डिकेल, बोल आणि बुडेलमान यांच्या 2000 सालच्या अभ्यासात समृद्ध वातावरणातील (वाळू, दगड आणि सोबत मिळालेली) पिल्ले अधिक वेगाने वाढलीही होती. शरीराच्या आकारात आणि भुकेत फरक असेल, तर केवळ हल्ल्यांची संख्या मोजून स्मरणशक्तीबद्दल बोलणे धाडसाचे ठरते.

निळीशाई
अंड्यातल्या अनुभवाचाही विचार करावा. अंड्यात असताना खेकडे पाहिलेली पिल्ले पुढे खेकड्यांना पसंती देतात, हे दार्मायाक आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवले आहे.

धागाकर्ता
अंड्यांबद्दल मी विचारलेले नाही; सर्व अंडी एकाच टाकीत होती. पिल्ले एक महिन्याची आहेत आणि चाचणीपूर्वी दोन्ही गटांना सारखाच उपवास होता. सोबतीचा गट एकाच मोठ्या टाकीत आहे.

शिंपला
खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. एका टाकीतील पिल्ले परस्परांवर आणि त्याच पाण्यावर अवलंबून असल्यामुळे तुमच्याकडे सोबतीच्या गटाची, पिल्ले कितीही असली तरी, एकच स्वतंत्र नोंद आहे. शिवाय वाळू आणि सोबत नेहमी एकत्रच आल्यामुळे या आकड्यांतून त्यांचे परिणाम वेगळे काढताच येणार नाहीत. एकटे व रिकामे, एकटे व वाळू, सोबत व रिकामे, सोबत व वाळू असे चार गट करावेत आणि प्रत्येक गटाच्या अनेक टाक्या ठेवाव्यात.

भरती_ओहोटी
इतक्या टाक्या सर्वांना परवडत नाहीत. मग सोबत तेवढी बदलून वाळू दोन्हीकडे ठेवली तर?

शिंपला
चालेल, मात्र तेव्हा उत्तर सोबतीपुरतेच मिळेल आणि मसुद्यात तसेच लिहावे लागेल.

खारेपाणी
प्रत्येक चाचणीनंतर नळीबाहेर एक मोकळी कोळंबीही सोडा. पिल्लाने ती लगेच पकडली, तर ते दमलेले किंवा पोट भरलेले नव्हते एवढे तरी सिद्ध होते. ती नोंद तुम्ही ठेवली आहे का?