‘जरब’ की ‘प्रतिबंध’? शिक्षेच्या हेतूंचे शब्द

प्रश्न : ‘रिट्रिब्यूशन’साठी ‘सूड’ आणि ‘डिटरन्स’साठी ‘प्रतिबंध’ असे सर्रास लिहितात. बरोबर आहे का?

– ‘सूड’ नकोच. सुडाला माप नसते आणि तो दुखावलेला माणूस स्वतः घेतो. रिट्रिब्यूशनचा गाभाच माप हा आहे : दोषीलाच शिक्षा, तीही गुन्ह्याच्या तोलाची, आणि देणारे न्यायालय. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली हेच धरून ठेवले : दुसऱ्या कुणाच्या भल्याचे साधन म्हणून नव्हे, तर गुन्हा केला म्हणून शिक्षा. कालिदासाने रघुवंशातल्या राजांना ‘यथापराधदण्ड’ म्हटले आहे. ‘यथापराध शिक्षा’ हा शब्द आयताच मिळतो.

– ‘प्रतिबंध’ फार ढोबळ आहे. पुढचा गुन्हा तीन वाटांनी टळतो : धाक घालून, गुन्हेगाराला कोंडून किंवा त्याला बदलून. डिटरन्स म्हणजे यातली पहिली वाट, आणि तिला ‘जरब’ नेमका बसतो. इतरांना बसते ती सामान्य जरब, खुद्द गुन्हेगाराला बसते ती व्यक्तिगत. इथे ‘विशेष जरब’ लिहू नये, वाचणाऱ्याला ती जास्त कडक वाटते.

– जरब मान्य, पण ‘कठोर शिक्षेने जरब बसते’ हे वाक्य अर्धेच आहे. इटालियन विचारवंत बेक्कारियाने १७६४ मध्येच कठोरपणापेक्षा खात्री आणि तत्परतेवर भर दिला होता. पकडले जाऊ असे वाटतच नसेल, तर पाचाची दहा वर्षे करून काय होणार? उलट, लुटीलाही खुनाइतकीच शिक्षा ठेवली तर लुटारूला साक्षीदार जिवंत सोडण्याचे कारण उरत नाही.

– दुसऱ्या वाटेला, म्हणजे गुन्हेगाराला कोंडण्यासारख्या उपायांना (इनकपॅसिटेशन), ‘स्थानबद्धता’ म्हणणे चूक. स्थानबद्धता दोष सिद्ध होण्याआधीही होते. ‘अक्षमीकरण’ वाचून अपंगत्व आठवते. सरळ ‘गुन्ह्यास असमर्थ करणे’ लिहावे. त्यात वाहनपरवाना रद्द करणेही बसते. तिसऱ्या वाटेला, म्हणजे गुन्हेगाराला बदलण्याला, नुसते ‘पुनर्वसन’ म्हटले की धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात, म्हणून ‘सुधारणा व पुनर्वसन’.

– एक पुरवणी. ‘दंड संहिता’मधला दंड म्हणजे कोणतीही शिक्षा, बोलण्यातला दंड म्हणजे पैसे. कायद्याच्या मराठीत पैशांच्या शिक्षेला ‘द्रव्यदंड’ म्हणतात, आणि कर थकवल्यावर लागते ती ‘शास्ती’. त्यामुळे ‘दंडाचे सिद्धांत’ या मथळ्यापेक्षा ‘शिक्षेचे सिद्धांत’ बरा.