मोजमापासाठी मुक्तस्रोत डीकॉन्व्होल्यूशन सॉफ्टवेअर निवडण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

मी पेशींमधील लायसोसोमचे (टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचे) आकारमान आणि प्रत्येक लायसोसोममधील फ्लुरोसन्सची एकूण तीव्रता मोजत आहे. प्रतिमा वाइडफील्ड सूक्ष्मदर्शकावर घेतलेल्या असल्यामुळे फोकसच्या वरचा आणि खालचा धूसर प्रकाश प्रत्येक चित्रात मिसळलेला असतो, आणि तो दूर केल्याखेरीज एकमेकांना खेटलेले ठिपके वेगळे मोजता येत नाहीत. डीकॉन्व्होल्यूशन, म्हणजे हा पसरलेला प्रकाश गणिताने मूळ जागी आणणे, करायचे हे नक्की आहे. ते कशाने करावे हे ठरत नाही. चित्र देखणे व्हावे अशी माझी अपेक्षा नाही, पण दोन प्रकारच्या नमुन्यांतील तीव्रतेची तुलना प्रक्रियेनंतरही खरी राहिली पाहिजे.

ऑब्जेक्टिव्ह ६३ पट, १.४ एनए (न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता), तेलाचे आहे. उत्सर्जन ५२० नॅनोमीटरच्या आसपास असून कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रॉनचा, म्हणजे नमुन्यावर सुमारे १०३ नॅनोमीटरचा पडतो. प्रत्येक स्टॅकमध्ये (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या प्रतिमांच्या संचात) २०४८ × २०४८ पिक्सेलच्या ६० प्रतिमा आहेत आणि दोन प्रतिमांमधील अंतर २५० नॅनोमीटर आहे. पेशी पाणीदार बफरमध्ये आहेत. संगणकाची मेमरी ३२ जीबी आहे. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचे असले तरी एनव्हिडियाचे नाही, त्यामुळे कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डांच्या गणनप्रणालीवर) चालणारे पायकुडाडेकॉन माझ्या उपयोगाचे नाही.

आतापर्यंत दोन मार्ग वापरून पाहिले. फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील डीकॉन्व्होल्यूशनलॅब२ मध्ये रिचर्डसन-ल्युसीपासून टिखोनोव्हपर्यंत अनेक पद्धती एकाच ठिकाणी मिळतात, हे मला फार सोयीचे वाटले. परंतु पूर्ण स्टॅक दिला की मेमरी संपते. हिशेब केल्यावर त्यात नवल वाटले नाही, कारण ३२ बिट दशांश संख्यांमध्ये एका स्टॅकची एकच प्रत सुमारे १ जीबी होते आणि फूरिये रूपांतरासाठी अशा कित्येक प्रती एकाच वेळी लागतात. त्यानंतर पायथनमध्ये सायकिट-इमेजचे रिचर्डसन-ल्युसी चालवले. प्रतिमा ० ते १ या मर्यादेत आणून ३० आवर्तने केली, तेव्हा ठिपके रेखीव झाले खरे, पण मूळ चित्रात कमी-अधिक तेजस्वी असलेले बहुतेक ठिपके आता सारखेच तेजस्वी दिसतात आणि त्यांचे माथे सपाट झाले आहेत. शिवाय काचेपासून दूरच्या ठिपक्यांना एकाच बाजूला लांब शेपटी उरते. पीएसएफ (एका बिंदूचा प्रकाश सूक्ष्मदर्शकात कसा पसरतो त्याचे चित्र) मी बॉर्न-वुल्फ प्रतिमानाने तयार केला होता.

ही दोन्ही लक्षणे सॉफ्टवेअरची आहेत की माझ्या वापरातील चुकीची, आणि या कामासाठी तुम्ही काय निवडाल?

प्रतिसाद १

सपाट माथ्यांचे कारण बहुधा एका पर्यायात आहे. सायकिट-इमेजच्या त्या फलनात 'क्लिप' हा पर्याय आपोआप चालू असतो आणि तो १ च्या वरची प्रत्येक किंमत १ वर आणून ठेवतो. डीकॉन्व्होल्यूशनमध्ये पसरलेला प्रकाश एका ठिकाणी गोळा होत असल्याने लहान ठिपक्यांची किंमत १ च्या बरीच वर जाणारच. तुमची मोजमापे नेमकी तिथेच कापली गेली आहेत. पर्याय बंद करा. मात्र कॅमेऱ्याचा स्थिर ऑफसेट (प्रकाश नसतानाही येणारी किंमत) आधी वजा करा, नाहीतर तोही तीव्रतेत धरला जाईल.

शेपटीचे कारण वेगळे आहे. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५१५ आणि पाण्याचा १.३३ असल्याने खोलीबरोबर गोलीय विपथन (किरण एका बिंदूत न जुळण्याचा दोष) वाढत जाते. बॉर्न-वुल्फ प्रतिमानात हा फरक धरलेलाच नसतो. गिब्सन-लॅनी प्रतिमानात कव्हरस्लिपची जाडी, माध्यमाचा अपवर्तनांक आणि कणाची खोली या तिन्ही गोष्टी देता येतात. तरीही एकच पीएसएफ १५ मायक्रॉनच्या स्टॅकला लागू पडणार नाही, म्हणून काचेजवळच्या पहिल्या काही मायक्रॉनपुरतेच मोजमाप ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

तुमच्या संगणकावर मी क्लिज२-एफएफटी निवडेन. ते ओपनसीएलवर चालत असल्याने एनव्हिडियाचे कार्ड लागत नाही आणि फिजीतूनही वापरता येते. ८ जीबीमध्ये पूर्ण स्टॅक मावेल या भरवशावर मात्र राहू नका. एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करा आणि कडांचा भाग टाकून द्या. आवर्तनांची संख्या प्रत्येक चित्र पाहून बदलू नका. १०० नॅनोमीटरच्या फ्लुरोसंट मण्यांचा स्टॅक घेऊन ती एकदा ठरवा आणि सर्व नमुन्यांना तीच ठेवा, कारण आवर्तने वाढली की नॉइजचेही ठिपके बनू लागतात आणि ते तुमच्या मोजणीत लायसोसोम म्हणून शिरतील.

जाता जाता: ५२० नॅनोमीटर आणि १.४ एनएसाठी नायक्विस्टच्या निकषाप्रमाणे (बारीक तपशील न गमावण्यासाठी) पिक्सेल सुमारे ९३ नॅनोमीटरचा हवा. तुमचा १०३ चा पिक्सेल किंचित मोठा आहे, पण एवढ्यासाठी प्रतिमा पुन्हा घेऊ नयेत.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. क्लिप बंद करून तोच स्टॅक पुन्हा चालवला असता ठिपक्यांमधील तेजाचा फरक परत आला आणि सर्वांत तेजस्वी ठिपक्याची किंमत ६ च्या पुढे गेली. गिब्सन-लॅनीचा पीएसएफ तयार करत आहे. मणी मात्र काचेला चिकटवून घ्यावेत, की पेशींच्याच बफरमध्ये, पेशींच्या खोलीवर ठेवून? काचेवरचे मणी घेणे सोपे आहे, पण ते खोलीवरचे विपथन दाखवणार नाहीत अशी शंका येते.